चिऱ्याच्या घरातील गोचिडी आणि बारा आठवड्यांची गोळी: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे घर सावंतवाडी तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचे आहे. आतल्या खोल्यांना गिलावा आहे, पण पडवी आणि मागचा मांगर यांच्या भिंती तेव्हा उघड्या चिऱ्याच्या होत्या. खंड्या हा आमचा पाच वर्षांचा गावठी कुत्रा पडवीतच गोणपाटावर झोपतो. 6 जून 2025 पासून आजपर्यंत त्याला फ्लुरालेनर या औषधाच्या चार गोळ्या दिल्या आहेत. ब्रॅव्हेक्टो या नावाने मिळणारी ही चघळण्याची गोळी एकदा दिली की साधारण बारा आठवडे काम करते. पुढील मजकूर या गोळीविषयी आहे, परंतु तिच्याआधी काय काय करून पाहिले ते सांगितल्याशिवाय तिची पारख होणार नाही.

गोळीपर्यंत आम्ही पोहोचलो ते आजारपणामुळे. मे महिन्यात खंड्याने तीन दिवस अन्न सोडले, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी नाकातून रक्त आले. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट्स 41 हजार निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असतात. निदान एर्लिकिया कॅनिसचे, म्हणजे आपण ज्याला सरसकट गोचीडताप म्हणतो त्याचे झाले आणि डॉक्सीसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स सुरू झाला. कुत्रा वाचला. मात्र ‘कुत्रा आहे म्हणजे गोचिडी असायच्याच’ असे जे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो, ते म्हणणे त्या दिवशी बंद झाले.

त्याआधीचे उपाय थोडक्यात सांगतो. करंजेल लावले की दोन दिवस गोचिडी कमी दिसत, कुत्रा ते तेल चाटत बसे आणि पडवीभर वास राही. अमिट्राझ पाण्यात मिसळून अंग धुतल्यावर गोचिडी खरोखर गळून पडत, पण खंड्या संध्याकाळपर्यंत गुंगीत असे आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ववत स्थिती येई. मानेवर सोडायच्या फिप्रोनिलच्या थेंबांना लावण्याआधी आणि लावल्यानंतर दोन दिवस अंग कोरडे असावे लागते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात सलग चार कोरडे दिवस मिळणे हा योगायोगच असल्याने त्या थेंबांना मी फार दोष देत नाही. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला गळपट्टा आठ महिने चालतो असे सांगितले होते. उन्हाळ्यात तो उत्तम चालला. पावसाळ्यात मात्र पट्ट्याखालचे केस सदोदित ओले राहून कातडी लाल झाली आणि तो काढावा लागला. कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी माझ्या या अनुभवावरून गळपट्टा बाद ठरवू नये.

या सगळ्या उपायांत आमची खरी चूक अशी होती की आम्ही गोचीड कुत्र्यावर राहते असे समजत होतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी पोट भरल्यावर अंगावरून उतरते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू एकदा पिऊन उतरते व कात टाकते, मग आठ पायांचे अर्धवट वाढलेले पोर पिऊन उतरते, आणि शेवटी पूर्ण वाढलेली मादी एरंडाच्या बीएवढी फुगून उतरते व एखाद्या फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. मधला सगळा काळ ती घरातच असते, आणि रक्त न मिळताही पूर्ण वाढलेली गोचीड कित्येक महिने तग धरते. आता जांभ्याचा चिरा डोळ्यांसमोर आणा: बोट जाणार नाही पण गोचीड सहज जाईल अशी शेकडो छिद्रे, आत ओलसर सावली, आणि दोन हातांच्या अंतरावर झोपलेला कुत्रा. गोचिडीसाठी यापेक्षा सोयीचे घर कोणी मुद्दाम बांधूनही दिले नसते. शेजाऱ्यांचा ठाम आग्रह होता की गोचिडी त्यांच्या म्हशींच्या गोठ्यातून येतात. वस्तुतः गुराढोरांवर आढळणाऱ्या गोचिडी बहुतांशी वेगळ्या जातींच्या असतात आणि ही तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यावरच जगते. म्हशी निर्दोष होत्या, आमची पडवीच दोषी होती.

गोळी दिल्यानंतरचे पहिले तीन आठवडे निराशेचे गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण बहुतेक लोक याच टप्प्यावर ‘औषध लागू पडले नाही’ म्हणून सोडून देतात. रोज संध्याकाळी कान, बोटांमधील जागा आणि शेपटीचे बूड तपासताना सात-आठ गोचिडी सापडतच होत्या. नंतर लक्षात आले की त्या फुगलेल्या नाहीत. बहुतेक वाळलेल्या, चपट्या आणि हात लावताच सुटणाऱ्या होत्या. हे औषध गोचिडीला दूर ठेवत नाही. ते कुत्र्याच्या रक्तातून फिरते, गोचीड चावली की तिच्या पोटात जाते, तिच्या मज्जासंस्थेवर आघात करते आणि साधारण बारा तासांत तिला मारते. म्हणजे भिंतीतून उतरणारी प्रत्येक गोचीड कुत्र्यापर्यंत येणार, चावणार आणि अंडी घालण्यापूर्वी मरणार. भिंतीतला साठा अशा रीतीने संपायला वेळ लागतो. आमच्याकडे जुलैच्या मध्यापासून संख्या दिवसाला एक-दोनवर आली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सलग सहा दिवस एकही सापडली नाही. चावण्यापूर्वीच गोचीड पळावी अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी ही गोळी नाही. चावा होतोच, त्यामुळे आजाराचा धोका पुष्कळ कमी झाला तरी शून्य होत नाही, आणि रोजची तपासणी आम्ही आजही सोडलेली नाही.

यानंतर चूक माझ्याकडून झाली. दुसरी गोळी 29 ऑगस्टला द्यायची होती. 27 तारखेला चतुर्थी, घरात मुंबईहून आलेली माणसे, भजने, आरत्या. गोळी आणायची राहिली ती 9 सप्टेंबरपर्यंत. हे अकरा दिवस पुरेसे ठरले. 7 तारखेला खंड्याच्या कानात एक टपोरी, राखाडी, जिवंत गोचीड मिळाली, म्हणजे न सापडलेल्या आणखी काही पिऊन उतरल्या असणार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पडवीच्या दाराच्या चौकटीवर मोहरीपेक्षाही बारीक पिल्लांची रांग वर चढताना दिसली. या जातीला उतरल्यावर उंच चढण्याची खोड आहे. आम्ही सप्टेंबरअखेर पडवीच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, आणि त्या गिलाव्यावरून चालत जाऊन गोचिडी वरच्या उघड्या चिऱ्यांत, अगदी वाशांच्या टोकांपर्यंत पोहोचल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये गवंड्याला पुन्हा बोलावून गिलावा छतापर्यंत नेला. करायचा तर पूर्ण करावा, नाहीतर तेवढे सिमेंट वाचवावे.

पिसवांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, इतके ते काम सहज झाले. फणीत येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले की तांबूस डाग पसरतो, कारण ती पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असते. जूनच्या अखेरीस असे डाग पडणे बंद झाले. कोशातल्या पिसवा उशिरा बाहेर येतात म्हणून गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकत होतो, तेवढे पुरले.

किंमत चार आकडी आहे आणि एकदम द्यावी लागते, त्यामुळे ती टोचते. मात्र बारा आठवड्यांतले थेंब, धुणे आणि मे महिन्यातील तपासण्या यांचा हिशेब मांडल्यावर माझी तक्रार उरली नाही. गोळी वजनाच्या गटानुसार मिळते: 10 ते 20 किलोंसाठी एक आणि 20 ते 40 किलोंसाठी दुसरी. आजारातून उठल्यावर खंड्या 18 किलोंचा होता, डिसेंबरात 20.4 भरला, त्यामुळे तिसऱ्या वेळी पुढच्या गटातील गोळी घ्यावी लागली. दर वेळी वजन करूनच खरेदी करावी. मोठी गोळी मोडून दोन कुत्र्यांना वाटण्याचा सल्ला काहीजण देतात. तो मी मानला नाही, कारण तुकड्यात नेमके किती औषध गेले हे कळायला मार्ग नाही. गोळी जेवणासोबत दिली म्हणजे चांगली शोषली जाते. वेष्टनावर ती चवदार असल्याचे म्हटले असले तरी खंड्याने पहिल्या दिवशी ती तीनदा थुंकली, तेव्हापासून काटे काढलेल्या उकडलेल्या बांगड्यात दडवून देतो आणि तो एका घासात संपवतो.

दुष्परिणाम म्हणून पहिल्या गोळीनंतर एक दिवस शौच पातळ झाले, एवढेच आढळले. मात्र या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे व झटके येऊ शकतात अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिली होती. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आलेली असेल, त्याच्या मालकाने पशुवैद्याला हे सांगितल्याशिवाय गोळी देऊ नये. घरात आमची मनी नावाची मांजर आहे, तिला कुत्र्याची गोळी दिलेली नाही. भिंतीवर पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशके फवारण्याचे मी तिच्यामुळे आणि विहिरीमुळे टाळले, कारण परमेथ्रिनसारखी द्रव्ये मांजराला विषारी ठरतात आणि माशांनाही सोसत नाहीत.

सिंधुदुर्गात गोचीड म्हटले की लोकांना माकडताप आठवतो, म्हणून इतकेच स्पष्ट करतो की तो पसरवणारी जंगलातील गोचीड वेगळ्या जातीची आहे आणि खंड्याच्या गोळीने काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाचे संरक्षण होत नाही. अंगावरची गोचीड काढताना घासलेट किंवा पेटती काडी न वापरता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. हे माणूस आणि कुत्रा दोघांनाही सारखेच लागू आहे.

चौथी गोळी 24 फेब्रुवारीला दिली. जानेवारीत केलेल्या तपासणीत प्लेटलेट्स 2 लाख 30 हजार होत्या. यंदा मार्च लागल्यापासून एकच गोचीड मिळाली, तीही वाळलेली. पुढची तारीख 19 मे आहे आणि ती गोळी मी आताच आणून कपाटात ठेवली आहे.