वऱ्हाडाच्या बसची डिकी: नाशिक ते नागपूर

लग्नासाठी बस ठरवताना आपण सगळे तेच तेच विचारतो. एसी आहे का, सीट पुशबॅक आहेत का, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलाय का. डिकी केवढी आहे आणि ती पूर्ण आपल्यालाच मिळणार का, हे मात्र राहून जातं. पुतणीच्या लग्नाला आम्ही एप्रिलमध्ये नाशिकहून नागपूरला बस करून गेलो. लग्न मुलाकडे होतं, म्हणजे रुखवतापासून विहीणबाईंच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं आमच्याबरोबर जाणार होतं. सामान माझ्याकडे सोपवलं होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः डिकीचा आहे. सीटबद्दल शेवटी दोन ओळी लिहिते.

ट्रॅव्हल्सचं नाव देत नाही, कारण नुसत्या नावाचा उपयोग नाही. त्याच मालकाच्या आवारात तीन बस उभ्या होत्या आणि तिन्हींच्या डिक्या वेगळ्या होत्या. ठरवायची ती बस, ट्रॅव्हल्स नव्हे. म्हणून ॲडव्हान्स देताना पावतीवर गाडीचा नंबर लिहून घ्या. ऐन वेळी "तसलीच दुसरी पाठवतो" म्हणाले तर ती तसलीच नसते.

पहिली बस दाखवली ती पुढे इंजिन असलेली. तिला मागे मोठी डिकी होती आणि दोन्ही बाजूंना छोटे छोटे कप्पे. पण कप्प्यांच्या मधून चेसिसचे लोखंडी बीम जातात, त्यामुळे एका बाजूने आत सारलेली लांब वस्तू दुसऱ्या बाजूपर्यंत पोचतच नाही. त्यातल्या एका कप्प्यात बॅटऱ्या, एकात स्टेपनी, एकात पाने, जॅक आणि ड्रायव्हरचं अंथरूण. उरलं ते मोजलं तर बाहेरून दिसतं त्याच्या निम्मंही नव्हतं. मागच्या डिकीत जागा भरपूर, पण धावत्या बसच्या मागे हवा धूळ ओढून घेते, ती सगळी तिथेच शिरते. नुसत्या बॅगा असत्या तर चाललं असतं. पैठण्या आणि रुखवत तिथे ठेवायला माझं मन धजेना.

दुसरी बस मागे इंजिन असलेली, उंच मजल्याची, 45 सीटची. हिला मागे डिकी नाही, पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा बरीचशी आरपार मोकळी, दोन्ही बाजूंनी दारं. आम्ही 38 जण होतो. हीच घेतली. भाडं पहिलीपेक्षा जास्त पडलं आणि दीर जरा कुरकुरले. पण सामानासाठी वेगळा छोटा हत्ती करायचा म्हटला असता, तर त्याचं सहाशे किलोमीटरचं जाणं आणि येणं धरून हिशोब कुठल्या कुठे गेला असता.

या मालकांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी ड्रायव्हरकाकांना आधीच घरी पाठवलं. काका म्हणाले, "ताई, मोठं काय काय आहे ते दाखवा, बाकीचं बसतं." मी टेपने दाराची उंची मोजून आणली होती, अडीच फूट. आमच्या मोठ्या वहिनींनी रुखवतासाठी पुठ्ठ्याचं काळाराम मंदिर केलं होतं, काळ्या दगडाचा रंग देऊन, सभामंडपाचे खांब वेगळे चिकटवून. ते कळसासकट तीन फुटांच्या वर जात होतं. आडवं घालणं शक्यच नव्हतं. काकांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "शिखर निघतं का?" निघत नव्हतं, पण दोन दिवस हातात होते. वहिनींनी शिखराचा जोड ब्लेडने मोकळा केला, आतून लाकडी खुंटी बसवली आणि कळस वेगळ्या खोक्यात गेला. मंदिर पाटाला दोरीने बांधलं, पाटासकट उचलून आत ठेवलं. नागपुरात शिखर चढवल्यावर जोड कुठे आहे ते कुणाला सापडलं नाही.

हे एवढं तपशिलात लिहिण्याचं कारण, याच्या आधी एका नातेवाइकांच्या लग्नात आम्ही फार वाईट अनुभव घेतला होता. ती बसही पूर्ण आमच्यासाठीच केलेली होती. निघताना डिकी उघडली तर आत कुणाचे तरी कापडाचे गठ्ठे आणि सील केलेली खोकी. विचारलं तर "वाटेत उतरवायचं आहे, तासाभराचं काम" असं उत्तर. आमच्या बॅगा वर आल्या, दोन सीटच्या मधल्या वाटेत रचल्या गेल्या, आणि सत्तरी ओलांडलेल्या आत्यांना लघवीला उतरायचं तर बॅगांवरून पाय टाकत यावं लागलं. त्यात गैरसोय आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. आम्ही नाशिककर ऑक्टोबर 2022 ची मिरची चौकातली पहाट विसरलेलो नाही, खासगी बसला आग लागून 12 माणसं गेली. 1 जुलै 2023 ला आम्ही गेलो त्याच समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नूलजवळ जळालेल्या बसच्या डिकीत मोबाइल फोनचं मोठं पार्सल होतं आणि बॅटऱ्यांमुळे आग भडकली असावी असं बातम्यांत आलं होतं. धूर झाला की माणसाला बाहेर पडायला फार थोडा वेळ मिळतो. त्या वेळात वाट मोकळी हवी.

म्हणून या वेळी मी दोन अटी पावतीवरच लिहून घेतल्या. डिकीत बाहेरचं एकही पार्सल नको, आणि मधल्या वाटेत एकही बॅग नको. मालकांनी काही कुरकुर न करता सही केली. निघायच्या दिवशी डिक्या रिकाम्या करून, झाडून, खाली ताडपत्री अंथरून बस आली. याला माझ्याकडून पूर्ण गुण. शेवटची लांब सीट रिकामी होती, तिथे साड्यांचे बॉक्स ठेवू या, असं दोघातिघांनी सुचवलं. पण आपत्कालीन काच तिथेच, तिच्याशेजारी हातोडी टांगलेली. मी तिथे उशीसुद्धा ठेवू दिली नाही. टपावर तर काहीच चढवलं नाही. वेगात वारा ताडपत्रीत शिरतो, दोर सैल होतात आणि वजन वर गेलं की वळणावर बस जास्त झुकते.

आता भरण्याबद्दल. प्रत्येक घराला आठ दिवस आधी निरोप दिला होता: मऊ बॅगा आणा. कडक ट्रॉली दिसायला चांगली, पण तिची चाकं आणि हँडल जागा खातात आणि दोन ट्रॉल्यांच्या मधली फट कशानेच भरत नाही. मऊ बॅग दाबून कुठेही बसते. तरी ट्रॉल्या आल्याच, मग त्या खाली आडव्या, चाकं भिंतीकडे, आणि त्यांच्यावर मऊ बॅगा. शिंप्याकडून कापडाच्या पट्ट्या आणून मुठींना बांधल्या होत्या: रुखवताला लाल, विधीच्या सामानाला पिवळी, मानपान आणि आहेराला हिरवी. घराघरांच्या बॅगांवर नाव आणि हॉटेलची खोली. रात्री उतरवताना कुणी कुणाला ओरडून विचारत बसलं नाही.

भरायचा क्रम उलटा असतो. जे उतरल्या उतरल्या लागणार, ते सगळ्यात शेवटी, दाराशी. आम्हाला पोचल्यावर आधी खोल्या घ्यायच्या होत्या, म्हणून घरांच्या बॅगा एका बाजूच्या दाराशी. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात रुखवत मांडायचं, म्हणून ते दुसऱ्या बाजूला. आरपार डिकीचा हा मोठा फायदा, एका सामानाला हात न लावता दुसरं काढता येतं. परतीच्या प्रवासाचे कपडे आणि जादाची अंथरुणं मधोमध.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी माझा हात धरल्यासारखं करून मागच्या कप्प्याचा आतला पत्रा दाखवला. "इथून पलीकडे इंजिन. चालू लागली की हा पत्रा तापतो." मग तिथे तांब्याची घागर, पितळी समया, भांड्यांचा सेट गेला. बुंदीचे लाडू, तुपाचा डबा, नवरीचं मेकअपचं सामान पुढच्या कप्प्यात. बाहेर विदर्भाचं ऊन आणि आत इंजिनाची धग, तिथे लाडवांचं काय झालं असतं ते सांगायला नको. घागरीच्या पोटात टॉवेल आणि नॅपकिन कोंबले होते, जागाही वाचली आणि घागर चेपलीही नाही.

कुरडया हा माझ्या काळजीचा विषय. वहिनींच्या आईने, म्हणजे नवरीच्या आजीने, गहू भिजवून, चीक काढून स्वतः केलेल्या. त्या पिशवीत दिल्या असत्या तर नागपूरला चुरा पोचला असता. पत्र्याच्या डब्यात खाली जुनी सुती साडी, त्यावर कुरडयांचा एक थर, पुन्हा साडीची घडी, असं वरपर्यंत. झाकण लावून डबा हलवून पाहिला. आतून आवाज आला नाही म्हणजे भरला नीट. पापडांना एवढं करावं लागत नाही, त्यांच्या चवडीला दोऱ्याचा फेर दिला की पुरे.

डिकीत जाऊ नये असं जे होतं ते प्रत्येकाच्या मांडीशी: सोनं, रोजच्या गोळ्या, पैसे, चार्जर, पॉवरबँक. शालू, अंतरपाट, मुंडावळ्या आणि अक्षतांची पिशवी माझ्या पायाशी होती. बस बिघडली आणि आम्हाला दुसऱ्या गाडीने पुढे जावं लागलं, तरी एवढ्या पिशवीवर लग्न लागलं पाहिजे, असा माझा हिशोब. जेवणाची टोपलीही वरच ठेवा. सिन्नरच्या पुढे गोंद्याला समृद्धीवर चढलो की मनासारखं थांबता येत नाही आणि खायच्या जागाही तुरळक आहेत. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे जार ड्रायव्हरच्या केबिनमागे बांधून घेतले होते, वाट न अडवता.

उणीवा आहेत, त्या सांगते. डावीकडच्या एका दाराचं रबर फाटलेलं होतं. महामार्गावर काही जाणवलं नाही, पण नागपुरात कार्यालयाच्या कच्च्या रस्त्यावरून दोनदा गेल्यावर त्या बाजूच्या बॅगांवर धुळीचा थर बसला. पावसाळ्यात तिथून पाणी आलं असतं. दुसरं, डिकीत दिवा नाही. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडला होता, दोघांनी मोबाइलचे टॉर्च धरले तेव्हा बॅगांवरची नावं दिसली. तिसरं, सीटवरचे रॅक नावाला आहेत. एसीच्या नळ्या तिथूनच नेल्यामुळे पर्स आणि शाल एवढंच मावतं, विमानात नेतो तसली छोटी ट्रॉली अजिबात नाही. वर मावेल या भरवशावर कुणी राहू नये.

क्लीनर मुलगा कष्टाळू होता, पण त्याला रचायची घाई फार. "आत ढकल" हे त्याचं तंत्र. रुखवताच्या बाजूला मी आमच्या पुतण्यालाच उभं केलं. काकांनी मात्र वाटेत कुणी चपला काढायला, कुणी उशी काढायला डिकी उघडा म्हटलं तरी रस्त्याच्या कडेला एकदाही उघडली नाही, फक्त पेट्रोल पंपावर. काही जण नाराज झाले. माझ्या मते काकांचंच बरोबर होतं, वेगाने गाड्या जातात तिथे माणसांना उतरवून डिकीत डोकं घालायला लावू नये.

येताना रुखवत तिथेच राहिलं, म्हणून जागा सुटेल असं वाटलं होतं. पण आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या, संत्रा बर्फीचे डबे आणि व्याह्यांनी घराघराला दिलेल्या संत्र्यांच्या पेट्यांनी ती भरली. संत्र्यांना हवा लागते, बंद डिकीत उष्णतेने खालचा थर मऊ पडतो. आम्ही पेट्या पुढच्या कप्प्यात वरच्या बाजूला ठेवल्या, फळ्यांच्या फटी मोकळ्या सोडून. नाशिकला फळ चांगलं पोचलं.

सीट आरामशीर, पाय पसरायला जागा पुरेशी, एसी मागच्या तीन ओळींत कमी लागतो. ड्रायव्हिंग शांत. बदली ड्रायव्हर दिला होता, दोघं आलटून पालटून चालवत होते.

हिशोब पुरा करायला गेले तेव्हा रबर, दिवा आणि मागचा एसी हे तिन्ही मालकांना सांगितलं. रबर माझ्यासमोरच बदलायला दिलं. दिव्याचं वायरिंग पुढच्या सर्व्हिसिंगला करून घेतो म्हणाले. एसीबद्दल मात्र "फुल बसला एवढं होतंच" असं उत्तर मिळालं, ते मला पटलं नाही, बस फुल नव्हती. तरी धाकट्या बहिणीकडे मुंजीचं ठरतंय, तिला मी याच नंबरची बस सांगितली आहे, आणि टेप घेऊन जा असंही.