बाहेरचा पुरवठा गेल्यावर भार बॅटरीवर नेण्यासाठी: डायोड, रिले, मॉस्फेट की पॉवर-पाथ आयसी?

अ‍ॅडॅप्टर जोडलेला असताना उपकरणाने त्याच्यावर चालावे, त्याच वेळी बॅटरी चार्ज होत राहावी आणि पुरवठा गेला की भार, म्हणजे वीज घेणारे ते उपकरण, आपोआप बॅटरीवर जावा, यासाठी चार रचना प्रचलित आहेत. भार थेट बॅटरीच्या टोकांना जोडणे त्याहून सोपे असले, तरी लिथियम-आयन सेलच्या बाबतीत तो मार्ग टाळावाच. सेल ४.२ व्होल्टवर पोचल्यानंतर प्रवाह ठरावीक मर्यादेखाली, साधारणपणे चार्जिंग प्रवाहाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, उतरला की चार्जर थांबतो. पण भार त्याच टोकांवर असेल तर भाराचा प्रवाहही चार्जरला सेलचाच वाटतो, चार्जिंग संपल्याचे त्याला कळत नाही आणि सेल विनाकारण पूर्ण व्होल्टेजवर धरून ठेवला जातो.

दोन डायोडची, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन घटकांची, रचना सर्वात साधी आहे. ज्या बाजूचे व्होल्टेज जास्त, ती बाजू भार उचलते आणि बदल होताना खंड पडत नाही. किंमत मोजावी लागते ती व्होल्टेजमध्ये. शॉट्की या कमी घट असलेल्या प्रकारच्या डायोडवरही सुमारे ०.४ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर ही घट तीन टक्क्यांच्या आसपास असल्याने सहज खपते, परंतु ३.७ व्होल्टच्या एका सेलवर तीच जवळपास अकरा टक्के होते, आणि तीही नेमकी बॅटरीवर चालताना, म्हणजे ऊर्जा जपायची असते तेव्हा.

रिले म्हणजे विजेने हलणारा यांत्रिक स्विच; त्याच्या जुळलेल्या संपर्कावर जवळजवळ काहीच व्होल्टेज पडत नाही, म्हणून मोठ्या प्रवाहासाठी त्याचा विचार होतो. मात्र संपर्क बदलायला काही मिलिसेकंद लागतात. एक अ‍ॅम्पिअरचा भार दहा मिलिसेकंद सांभाळायचा आणि व्होल्टेज एका व्होल्टपेक्षा जास्त उतरू द्यायचे नाही, असे ठरवले तर १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. मायक्रोकंट्रोलर (उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप) एवढ्या खंडानेही रीसेट होऊ शकतो, म्हणून तो असलेल्या उपकरणात मी रिले सुचवणार नाही.

एका लिथियम सेलसाठी खरी निवड मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने ड्रेन आणि सोर्स या टोकांमधला प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि पॉवर-पाथ आयसी (चार्जिंग आणि भाराचा पुरवठा दोन्ही सांभाळणारी एकच चिप) यांच्यातच आहे. मॉस्फेटच्या रचनेत अ‍ॅडॅप्टरकडून भाराकडे शॉट्की डायोड असतो, बॅटरीकडून भाराकडे पी-चॅनेल मॉस्फेट असतो, आणि मॉस्फेटचे गेट अ‍ॅडॅप्टरच्या तारेला जोडून एका रेझिस्टरने ग्राउंडकडे ओढलेले असते. ५ व्होल्ट आले की मॉस्फेट बंद होतो, ते गेले की चालू होतो. येथे ड्रेन बॅटरीकडे आणि सोर्स भाराकडे हवा. नेहमीच्या स्विचच्या सवयीने उलट जोडणी केल्यास मॉस्फेटच्या अंगच्या (त्याच्या घडणीतच असलेल्या) डायोडमधून प्रवाह चार्जरला वळसा घालून, कोणत्याही नियंत्रणाशिवाय सेलमध्ये शिरतो, आणि ही चूक धोकादायक आहे. दुसरी अडचण वेळेची आहे. इनपुटवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि गेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, आणि ती तार रिकामी करणारे दुसरे काही नसेल, तर गेट उतरायला सेकंदाच्या घरात वेळ लागू शकतो. तोवर भार त्या अंगच्या डायोडवर, सुमारे अर्धा-पाऊण व्होल्ट गमावून चालतो. शॉट्कीची उलट दिशेची गळतीही तापमानाबरोबर वाढते: दहा मायक्रोअ‍ॅम्पिअर गळती त्याच रेझिस्टरवर एक व्होल्ट उभा करते आणि मॉस्फेट अर्धवटच चालू होतो. रेझिस्टर दहा किलोओहमपर्यंत खाली आणला की दोन्ही दोष बरेच आटोक्यात येतात. शॉट्कीच्या जागी एलटीसी४४१२ सारखा आदर्श-डायोड नियंत्रक (मॉस्फेटला जवळजवळ घट नसलेल्या डायोडसारखे चालवणारी चिप) आणि मॉस्फेट वापरल्यास ०.४ व्होल्टची घट हलक्या भाराला २० मिलिव्होल्टपर्यंत येते.

पॉवर-पाथ आयसीचे, उदाहरणार्थ बीक्यू२४०७४ किंवा एमसीपी७३८७१ यांचे, खरे बळ पुरवठा अपुरा असताना दिसते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतो आणि भार क्षणभर ८०० मागतो, असे समजा. आयसी आधी चार्जिंगचा प्रवाह कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर उरलेला हिस्सा बॅटरीकडून घेतो. मॉस्फेटच्या रचनेत अ‍ॅडॅप्टरचे व्होल्टेज खचले तरी गेट वरच राहते, त्यामुळे बॅटरी उशिरा, अंगच्या डायोडमधून मदतीला येते आणि तोवर उपकरण रीसेट होऊ शकते. रेडिओ किंवा मोटर असलेल्या उपकरणासाठी म्हणूनच मी आयसीच निवडेन. भार लहान व स्थिर असेल आणि अ‍ॅडॅप्टर भरपूर मोठा असेल, तर मॉस्फेट पुरतो.

आयसी निवडल्यास उष्णतेचा हिशेब आधीच करावा. हे दोन्ही आयसी लिनिअर आहेत, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतात. ५ व्होल्टवरून ३.७ व्होल्टच्या सेलला एक अ‍ॅम्पिअर देताना सुमारे १.३ वॅट आयसीतच खर्च होतात, म्हणून त्याच्या तळाचा धातूचा भाग बोर्डवरील रुंद तांब्याला नीट सोल्डर झालेला असावा, नाहीतर आयसी तापून स्वतःच चार्जिंगचा प्रवाह घटवतो.