अंदमान की लक्षद्वीप? मराठवाड्यातून बेटांवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, तरीही अंदमानाचे नाव इथल्या प्रत्येक घरात मे महिन्यात निघते, कारण मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी कानावर आल्याशिवाय पेरणीची बोलणी सुरू होत नाहीत. हीच बातमी सहलीच्या तारखांनाही लागू पडते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो आणि बेटांमधल्या बोटी कधीही रद्द होऊ शकतात. त्यामुळे उन्हाळी सुट्टीतच जायचे असेल तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा एवढीच खात्रीची मुदत हाती उरते. लक्षद्वीपचा हंगामही ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच असतो. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडे पाऊस येऊ शकतो, परंतु अंदमानात तो अधिक असतो आणि त्या दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होतात. मुलांची शाळा आड येत नसेल, तर दोन्ही ठिकाणांसाठी जानेवारी-फेब्रुवारीसारखा काळ नाही.

आई-वडील सोबत असतील तर माझा कौल निःसंशय अंदमानाला आहे. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे चेन्नई आणि कोलकात्याहून थेट विमाने जातात. भारतीय नागरिकांना नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी परवाना लागत नाही. मोठे सरकारी रुग्णालय शहरातच आहे. आणि तिथले बंगाली, तमिळ, तेलुगू वस्तीकर आपसांत हिंदीत बोलत असल्याने आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना भाषेची अडचण येत नाही. शाकाहारी जेवण सहज मिळते. शिवाय सेल्युलर जेल आहे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. प्रत्येक शाखेच्या कोठड्यांची दारे पुढच्या शाखेच्या पाठीकडे उघडतील अशी रचना केल्यामुळे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहरासुद्धा दिसत नसे. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू याच इमारतीत अनेक वर्षे होते. त्या कोठडीत उभे राहिल्यावर मराठी माणसाचे मन भरून येते, आणि म्हणून या जागेसाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

किनाऱ्यासाठी मात्र स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, जावे लागते. राधानगर हा तिथला लांब, पांढऱ्या वाळूचा किनारा. सूर्य डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारासच मावळतो, कारण ही बेटे देशाच्या पूर्व टोकाकडे असूनही घड्याळ आपलेच आहे. तेव्हा दिवसाची आखणी पहाटेपासून करावी. अंदमानच्या काही खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. सूचनाफलक असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या तरुणांना हे आवर्जून सांगायला हवे, कारण समुद्राच्या ओढीचा विहिरीतल्या पाण्याशी काही संबंध नसतो.

लक्षद्वीप हे वेगळेच प्रकरण आहे. ३६ बेटे, त्यांतली १० वस्तीची, आणि सगळी मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीमुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आत शांत, उथळ, हिरवट-निळे पाणी राहते, ज्याला लगून म्हणतात. निव्वळ पाण्यासाठी जायचे असेल, तर अंदमान याच्या जवळपासही येत नाही. मात्र समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, हे जाणाऱ्याने ठाऊक ठेवावे आणि प्रवाळावर पाय ठेवू नये.

लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्यांनी हंड्यांनी भरले, त्यांना लक्षद्वीपमधली पाण्याची ओढाताण लगेच समजेल. तिथे नदी नाही. वाळूखाली साठलेला गोड्या पाण्याचा पातळ थर हाच मुख्य आधार. लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राच्या वरच्या थरातले कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करून आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्याने ती वाफ निववून रोज सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी तयार करण्याचा प्रकल्प उभा राहिला. पाहुण्याने तिथे पाणी जपूनच वापरले पाहिजे.

अडचणीही मोजून घ्याव्यात. बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो. प्रवास मुख्यतः कोचीहून होतो: अगत्ती बेटाच्या छोट्या धावपट्टीवर उतरणारे लहान विमान, नाहीतर चौदा ते वीस तासांचे जहाज. जहाज लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी विमानाचाच विचार करावा. बंगारम बेट वगळता दारूबंदी आहे, जेवणात मासे आणि नारळ प्रमुख, भाजीपाला मुख्य भूमीवरून येतो. शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच तसे कळवावे. गंभीर आजारात रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते, म्हणून हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना तिथे नेण्याच्या मी विरुद्ध आहे.

नांदेड, लातूर किंवा धाराशिवकरांना दोन्ही सहलींसाठी मुंबईपेक्षा हैदराबाद गाठणे सोयीचे पडते. लक्षद्वीप ठरल्यास आधी परवाना आणि राहण्याची जागा पक्की करावी, मगच कोचीपर्यंतची तिकिटे काढावीत. आणि परतीच्या वाटेवर कोचीत एक दिवस मोकळा ठेवावा, कारण हवामान बिघडले की जहाज आणि विमान दोन्ही लांबतात.