सहार ते दादर, २,४९० रुपये

रात्रीच्या मीटरनेही तीनशे-सव्वातीनशेत होणाऱ्या प्रवासाचे २,४९० मोजले. सांगायला लाज वाटते, पण मुंबईच्या सहार विमानतळाबाहेर गाडी मिळवून देणारे दलाल अजून तिथेच उभे आहेत.

टी-२ वर, म्हणजे तिथल्या टर्मिनल २ वर, खरी ॲपची गाडीही बहुमजली पार्किंगमधूनच पकडावी लागते. म्हणून ‘चला पार्किंगला’ म्हटलं की संशय येत नाही; सगळा धंदा त्यावरच. दलालाच्या गळ्यात ओळखपत्र, हातातल्या मोबाइलवर कसलंसं ‘ॲप’. ओटीपी सांगितल्याशिवाय खरा प्रवास सुरूच होत नाही, इथे तो कुणी विचारलाच नाही. आणि नंबर प्लेट? पांढरी! भाड्याच्या गाडीची पिवळी असते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. समोर दिसत होती, तरी बॅगा डिकीत भरू दिल्या. बॅगा आत गेल्या की माणूस अडकला. आता रात्रीचे साडेबारा, मेट्रो ३ कधीच बंद झालेली, चार बॅगा, सोबत म्हातारी माणसं; अशा वेळी प्लेटचा रंग कोण बघत बसतो?

हिशेब ऐका. भाडं १,५४०, पार्किंग २००, बॅगांचे पन्नासप्रमाणे २००, सी लिंकचा टोल १५०. एकूण २,०९०. तो टोल मुळात १००, आणि गाडी सी लिंकने आलीच नाही, आली माहीमवरून! पाचशेच्या पाच नोटा दिल्या. ड्रायव्हरने अंधारात मोजल्या, ‘यातली एक शंभराची आहे’ म्हणत बदललेली जांभळट नोट नाचवली आणि वरचे दहा रुपये हातावर टेकवले. नोटा आतला दिवा लावायला लावून, मोठ्याने मोजून द्या. त्यापेक्षा यूपीआय बरं, निदान नाव तरी हाती राहतं.

काळी-पिवळी टॅक्सीचा फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर: पहिल्या दीड किलोमीटरला ३१, पुढे किलोमीटरला २०.६६, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. अंतर साधारण बारा किलोमीटर. करा गणित.

तक्रार? विमानतळावर उत्तर मिळालं, गेटबाहेरचं आमच्याकडे येत नाही. चौकीत म्हणाले, हे परिवहन कार्यालयाचं, आरटीओचं काम. परिवहनच्या खिडकीवर म्हणाले, गाडी खासगी, परवानाच नाही, मग रद्द काय करणार? म्हणजे परवानेवाल्याने लुटलं तर कारवाई, बिनपरवान्याचा मोकळा! गाडीचा नंबर दिला, पार्किंगचे कॅमेरे बघा म्हटलं, तर ‘पावती आहे का?’ लुटणारा पावती देतो का हो?

प्रीपेड टॅक्सीची रांग लांब दिसली तरी सोडू नका, आणि तिथली पैसे भरल्याची चिठ्ठी मुक्कामी उतरेपर्यंत ड्रायव्हरला देऊ नका. रिक्षा स्वस्त, पण वांद्रे-सायनच्या पुढे येत नाही. डिकी उघडण्याआधी प्लेटचा फोटो घ्या. तो अडवायला लागला, तर बॅगा उचला आणि परत फिरा.