गादी सरकली: थांबायचं की ऑपरेशन करायचं?

गेल्या वर्षी एप्रिलात, ऐन काढणीत, आंब्याचा भरलेला क्रेट टेम्पोत चढवताना माझ्या कमरेत कळ गेली. दोन दिवस उसण भरली असं समजून काढले. तिसऱ्या दिवशी कंबर जरा हलकी झाली आणि दुखणं डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरलं. महिन्याभरात हर्णैला होडीवर जाणाऱ्या माझ्या मावसभावाचंही तेच झालं. मी ऑपरेशन केलं नाही, त्याने केलं. आज दोघंही कामावर आहोत. नातेवाईक विचारतात, बरोबर कोण? मला मनापासून वाटतं, दोघंही. या दुखण्यात माणसाला घाबरवणारे फार भेटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट. गादी अशी जागची सरकत नाही. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. तिला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. कड्याला चीर पडली की पिकल्या आंब्याचा रस देठाशी यावा तसा गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला लागतो. नस नुसती दबत नाही, त्या गरामुळे तिला सूजही येते. बहुतेक वेळा हे कमरेच्या सगळ्यात खालच्या दोन चकत्यांत होतं, म्हणून कळ पायात जाते. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली हे शस्त्रक्रियेच्या अनुभवावरून मांडलं आणि पुढे बराच काळ गादी म्हटली की ऑपरेशन असंच चाललं.

आता कळलंय की बाहेर आलेला गर शरीर हळूहळू स्वतःच जिरवतं. आणि रिपोर्टमध्ये जे शब्द सर्वांत भीतीदायक वाटतात, म्हणजे तुकडा सुटून बाहेर पडलाय वगैरे, त्याच प्रकारात तो जिरण्याची शक्यता जास्त असते. नुसता फुगवटा असेल तर तो बहुतेक वेळा तसाच राहतो, पण तो त्रास देतोच असंही नाही. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्या ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकतीचा फुगवटा दिसला. मला एका दवाखान्यात नुसती फिल्म उजेडासमोर धरून, पायाला हातही न लावता ऑपरेशनची तारीख दिली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी पलंगावर झोपवून पाय सरळ वर उचलला, पायाचा अंगठा त्यांच्या बोटाविरुद्ध वर ओढायला लावला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं. दुखत होतं, पण ताकद शाबूत होती. "थांबू शकता," ते म्हणाले. माझा निर्णय त्या अंगठ्याने केला, फिल्मने नाही.

दोन्ही रस्त्यांची समोरासमोर तुलना २००७ साली हॉलंडमध्ये झाली. पायात जोराची कळ असलेले २८३ रुग्ण, सगळ्यांना दीड ते तीन महिने झालेले. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना औषध आणि वाट. ऑपरेशनवाल्यांची कळ बरीच लवकर गेली. पण वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते. वाट बघणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं, हेही लपवायला नको. म्हणजे पायाची ताकद जात नसेल, तर ऑपरेशनने तुम्हाला मिळतात ते काही महिने. ते महिने तुम्हाला किती महाग पडतात, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे याचं उत्तर हंगामावर ठरतं. मावसभावाला मेअखेर दुखायला लागलं आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदच असते. दोन महिने थांबून त्याचं काही बुडणार नव्हतं, म्हणून तोही आधी थांबलाच. ज्या बाईला जूनच्या शेवटी लावणीला वाकायचंय आणि घरात दुसरं माणूस नाही, तिचा हिशेब वेगळा. मी उरलेली काढणी गड्यांवर सोपवली. नुकसान झालं, पण सोसण्यासारखं होतं.

थांबणं म्हणजे पडून राहणं नव्हे. एक-दोन दिवसांपलीकडे अंथरूण धरलं तर कंबर आणखी आखडते. मी अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून दहा वेळा चाललो. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम मला लागू पडला. काहींना तो सोसत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करावा. फिजिओ मात्र आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर. खड्ड्यांतून एसटीच्या मागच्या सीटवर बसून रोज जाणं म्हणजे उपचाराने कमावलेलं वाटेत घालवणं. मी दोनदा गेलो, व्यायाम शिकलो आणि घरी केले. विहिरीचं पाणी ओढणं बंद, विळी जमिनीवरून ओट्यावर, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. गोळ्यांनी थोडा आराम पडला. नसेसाठी म्हणून सर्रास देतात त्या प्रेगॅबॅलिनचा सायटिकात, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या या कळेत, उपयोग होत नाही असं २०१७ च्या चाचणीत दिसलं, म्हणून ती चालू असेल तर डॉक्टरांशी बोला. स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका. गणपतीत मी पंगतीला खुर्चीवर बसलो. दिवाळीला मांडी घालून बसलो.

पाठीतल्या इंजेक्शनबद्दल थोडक्यात: काहींना काही आठवडे आराम पडतो, तेवढाच.

भावाचं जुलैअखेर बिघडलं. देवळाच्या पायऱ्या चढताना उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्याला कळलंही नाही. पाऊल वर उचलत नव्हतं. इथे वाट बघण्यात अर्थ नव्हता. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं: छोटीशी चीर, सूक्ष्मदर्शकातून फक्त बाहेर आलेला तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी चालवलं. पायाची कळ शुद्धीवर येतानाच गेली होती. पावलाची ताकद यायला मात्र महिने लागले. कंबर अजून कधीतरी दुखते. हे ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, कंबरदुखीसाठी त्याचा तेवढा भरवसा नाही. जंतुसंसर्ग, नसेभोवतीच्या आवरणाला इजा हे धोके थोडे, पण आहेत. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची गादी पुन्हा बाहेर येते. दिवाळीनंतर तो होडीवर गेला, जाळं ओढायला त्याहून उशिरा. साध्या गादीला स्क्रू-पट्ट्या लागत नाहीत. कुणी सुचवल्या तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन आणि ते रुग्णालय बसतं का, हे तारीख घेण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

वाडीतल्या आजीने मला पायाळू माणसाची लाथ घ्यायला सांगितलं होतं. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, आणि साधी उसण तशीही चार दिवसांत जाते. पण पायात कळ उतरलेली असताना कमरेवर लाथ, हाडवैद्याचा झटका किंवा पाठीवर पोराला चालवणं यातलं काहीही करू देऊ नका.

एका बाबतीत मात्र तुलना करत बसायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आत बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर त्याच रात्री निघायचं. तिथे ऑपरेशन तासांत व्हावं लागतं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पावसात आंबा घाट किंवा कुंभार्ली दरड पडून बंद असू शकतो, म्हणून घाट न ओलांडता मणक्याचं ऑपरेशन करणारा सर्जन कुठे आहे हे आधीच विचारून ठेवा. आमच्या घरी कॅलेंडरच्या मागे १०८, त्या रुग्णालयाचा नंबर आणि रात्री गाडी काढणाऱ्या दोघा शेजाऱ्यांचे नंबर बायकोने तेव्हा लिहून ठेवले होते. यंदाच्या कॅलेंडरवरही तिने ते उतरवलेत.