शाराकूचा ओनिजी आणि काचेचा घोळ: काही महिन्यांच्या वापरानंतर

जपानी चित्रकार शाराकूने १७९४ साली लाकडी ठशांच्या छपाईसाठी काढलेले, ओतानी ओनिजी हे नाव लावणारा तिसरा काबुकी (जपानी पारंपरिक नाट्यप्रकार) नट एदोबेई या पात्राच्या भूमिकेत दाखवणारे चित्र बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे त्याची अधिक ओळख करून देत नाही. मी तोक्योत घेतलेली प्रत अर्थातच आजची आहे. नव्याने कोरलेल्या चेरीच्या ठशांवरून, हाताने, कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या) कागदावर छापलेली. छपाईला नावे ठेवायला जागा नाही. कपाळावरच्या केसांच्या रेषा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ उमटल्या आहेत.

माझी तक्रार पार्श्वभूमीची आहे. प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याने शाराकूच्या नटचित्रांपैकी पहिल्या २८ चित्रांमागे अभ्रकाची गडद पूड वापरली, आणि माझ्या मते किमतीचा निम्मा हिस्सा याच चकाकीचा आहे. साध्या काचेमागे मात्र ती चकाकी मरते आणि उरते फक्त शाळेच्या पाटीसारखी करडी भिंत, तीवर पुन्हा आमच्या दिवाणखान्यातला दिवा. परावर्तन न करणाऱ्या काचेची किंमत विचारली, तर ती चित्रापेक्षाही जास्त निघाली.

त्यातच जूनचा पावसाळा आला आणि कागदाला लाटा आल्या. फ्रेमवाल्याने चारही कडा चिकटपट्टीने जखडल्या होत्या. दमट हवेत असा कागद फुगतो, त्याला पसरायला जागा हवी, म्हणून तो फक्त वरच्या कडेला टांगायचा असतो. फ्रेमवाल्याचे म्हणणे, हा कागदाचाच गुण आहे. गुण कागदाचा खरा, पण तो सांभाळण्याचे पैसे यांनी घेतले होते! बऱ्याच वादानंतर मजुरी तेवढी परत मिळाली.

फ्रेम उघडल्यावर मात्र माझे मत बरेच बदलले. चित्र हातात धरून खिडकीशी जरा तिरके केले की अभ्रक उजळते, काळोख मागे सरतो, आणि पैसे लुटायला निघालेला एदोबेई त्यातून पुढे झेपावतो. कपड्यातून बाहेर आलेले, बोटे फाकलेले त्याचे पंजे भिंतीवर मला बेढब आणि उगाच लहान वाटत असत. हातात धरल्यावर त्यांतली हाव जाणवते. एदोमध्ये, म्हणजे जुन्या तोक्योत, नटांची ही चित्रे स्वस्तात विकत घेऊन हातातच पाहिली जात, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अभ्रकाचा बारीक कण क्वचित बोटाला लागतो, तेवढे चालवून घ्यावे.

आता चित्र आम्लरहित कागदाच्या घडीत, कपाटाच्या खणात आडवे ठेवले आहे. घ्यायचे असल्यास जरूर घ्या, फ्रेमचे पैसे वाचवा. माझी रिकामी फ्रेम निम्म्या किमतीत विकायला काढली आहे. अजून कोणी विचारलेले नाही.