नकलेची मागची बाजू आधी बघणारं टायपिंग सेंटर

आमच्या जिल्हा कोर्टाच्या मागच्या गल्लीत, नोटरींची टेबलं संपली की एक टायपिंग-झेरॉक्सचं दुकान लागतं. आत तीन कॉम्प्युटर, एक जुनं झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकाला बसायला दोन स्टुलं. काका टायपिंग करतात, काकू झेरॉक्स आणि स्कॅनिंग बघतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कोर्टाची पायरी चढले ती धाकट्या भावामुळे. तो पतसंस्थेत कारकून होता. संस्थेत अपहार झाला आणि संचालकांबरोबर त्याचंही नाव दोषारोपपत्रात आलं. त्याचा दोषमुक्तीचा अर्ज, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळा असं मागणारा अर्ज, मॅजिस्ट्रेट कोर्टाने ४ ऑगस्टला फेटाळला. वकील म्हणाले, सेशन्सला रिव्हिजन करू, म्हणजे हा आदेश तपासून बघा असं वरच्या कोर्टाकडे मागू, ९० दिवस मिळतात. ते कुठल्या तारखेपासून मोजायचे, हे आम्ही विचारलंच नाही. कोर्टात नेहमी ये-जा असलेल्या एका ओळखीच्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "नक्कल हातात पडली त्या दिवसापासून." नक्कल, म्हणजे आदेशाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत, आम्ही आणली ८ सप्टेंबरला. म्हणजे ७ डिसेंबरपर्यंत वेळ आहे, असं धरून आम्ही निर्धास्त होतो.

१३ नोव्हेंबरला वकिलांचा हाताने लिहिलेला मसुदा घेऊन मी या दुकानात गेले. मला फक्त टाइप करून हवं होतं, आणि घाईही नव्हती. काकांनी मसुदा बाजूला ठेवला. "बाई, आधी आदेशाची नक्कल द्या. मूळ. झेरॉक्स नको." मी दिली. त्यांनी पहिलं पान बघितलंच नाही. सगळी नक्कल उलटी करून शेवटच्या पानाच्या पाठीमागचा शिक्का उजेडाकडे धरला. तिथे निळ्या शाईत तीन तारखा होत्या. अर्ज केल्याची ११ ऑगस्ट, नक्कल तयार झाल्याची २५ ऑगस्ट, दिल्याची ८ सप्टेंबर. मधल्या तारखेवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही तयार होती. मग न्यायला इतका उशीर का?"

दोन दिवसांत गणपती बसणार होते. विसर्जन झाल्यावर जाऊ, असं म्हणून आम्ही थांबलो होतो.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलने मोजून दाखवलं. आदेशाचा दिवस धरायचा नाही. ५ ऑगस्टपासून ९० दिवस २ नोव्हेंबरला संपतात. नकलेसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळतात, तसे १५ मिळाले. तयार नक्कल कोर्टात पडून राहिली ते दिवस मात्र आपल्या खात्यातून जातात. २ नोव्हेंबर अधिक १५ म्हणजे १७ नोव्हेंबर, सोमवार. आणि आज गुरुवार. माझे हातपाय गार पडले. ते शांतपणे म्हणाले, "मी वकील नाही. तुमच्या वकिलांना आत्ता फोन लावा आणि या तीन तारखा वाचून दाखवा." वकिलांनी ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी दाखल करायचं ठरवलं. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण प्रत्येक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं आणि माफी देणं न्यायाधीशांच्या हातात असतं. "गणपती होते" हे कारण मी कुठल्या तोंडाने लिहिलं असतं?

टाइप करता करता त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. हायकोर्टात याच आदेशाविरुद्ध आधी काही टाकलंय का? कारण रिव्हिजनसाठी सेशन्स किंवा हायकोर्ट, एकच दार निवडता येतं. आणि स्थगितीचा अर्ज वेगळा आहे का? रिव्हिजन दाखल झाली म्हणून खालचं कोर्ट आपोआप थांबत नाही, आणि भावावर दोषारोप ठेवण्याची तारीख २० नोव्हेंबर होती. वकिलांनी तो अर्ज फोनवरच सांगितला. जबाबांची दोन पानं इतकी पुसट होती की काकूंनी ती नव्याने टाइप करून मूळ पानांमागे लावली.

दर सांगते. टायपिंग पानाला ४० रुपये, २२ पानांचे ८८० झाले. झेरॉक्स २१० पानांचे ४२०, ई-फाइलिंगसाठी स्कॅन १५०. एकूण १,४५० रुपये. घाईचे जादा पैसे मागितले नाहीत. पण दरपत्रक कुठेही लावलेलं नाही, ते लावायला हवं. स्कॅन केलेली चार पानं तिरकी आली होती, ती मला पुन्हा करून घ्यावी लागली. फाइल वकिलांकडे पाठवण्याआधी प्रत्येक पान उघडून बघा.

भिंतीवर मुदतींचा हाताने लिहिलेला तक्ता आहे. शिक्षेविरुद्ध अपील सेशन्सला ३० दिवस, हायकोर्टाला ६०, रिव्हिजन ९०. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे, म्हणून त्यावर विसंबून राहू नये असं माझं मत. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर कलम १४-अ खाली थेट हायकोर्टात अपील असतं, मुदत ९० दिवस. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्यातल्या अपिलाला ३०च दिवस. फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर दोषमुक्तीच्या अर्जालाच ६० दिवसांची मुदत घातली आहे. पोलीस अहवालावरच्या मॅजिस्ट्रेटपुढच्या खटल्यात ती कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून मोजतात, सेशन्सच्या खटल्यात खटला सेशन्सकडे वर्ग झाल्यापासून. मी हे काकांना सांगितलं. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं, पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा तक्ता तसाच होता.

ऑनलाइन आदेश वाचता येतो म्हणून नकलेचा अर्ज लांबवू नका, हेही मी तिथेच शिकले. नेटवरून काढलेल्या प्रतीवर तो शिक्का नसतो. आणि आम्ही अर्ज करण्याआधीचे जे दिवस घरात चर्चेत घालवले, ते कुणीही परत दिले नाहीत.

१४ नोव्हेंबरला दुपारी रिव्हिजन दाखल झाली. वकीलपत्रावर भावाची एक सही राहिली होती, तेवढी त्रुटी सोमवारी दूर केली. १९ तारखेला सेशन्स कोर्टाने नोटीस काढली आणि पुढच्या तारखेपर्यंत खालच्या कामकाजाला स्थगिती दिली. संध्याकाळी पेढे घेऊन दुकानात गेले, तर काकांच्या समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि काका त्यांची नक्कल उलटी करून उजेडाकडे धरत होते.